शेवटून पहिला

रूट मार्चला आपण निघतो तेव्हा सगळे जवळपास एकाच वयाचे असतात. सकाळची पीटी एकाच मैदानावर झालेली असते, नाश्ता एकाच मेसमध्ये झालेला असतो आणि उस्तादांनी ‘तेज चल’ म्हटले की सगळ्यांचा डावा पाय एकदम पुढे पडतो. कोणी मागे राहिला तर त्याला दामटायला सेक्शन कमांडर असतो. तरीही तो मागे राहिला तर संध्याकाळी त्याचे काय होते, हे इथे लिहायची गरज नाही.

गावातल्या हायकिंग क्लबबरोबर डोंगरात जाताना यातले काहीच नसते. गेल्या वर्षापासून आपल्या शाळेतले काही कॅडेट डेहराडूनमधल्या एका क्लबबरोबर अधूनमधून रविवारी दिवसभराच्या पदभ्रमणाला जातात. मी आतापर्यंत चार वेळा गेलो. या क्लबमध्ये बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, कॉलेजात शिकणारी मुले आहेत, एका शाळेतल्या शिक्षिका आहेत, आणि आठवीतल्या मुलीला बरोबर घेऊन येणारे एक वडील आहेत. तिथे पद नाही, हुकूम नाही आणि शिक्षाही नाही. एखाद्याला कंटाळा आला तर तो सरळ दगडावर बसतो आणि संत्रे सोलायला लागतो. तरीही सकाळी जेवढी माणसे निघतात तेवढीच संध्याकाळी परत येतात. हे कसे जमवले जाते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्यातल्या बहुतेकांना पुढे माणसे सांभाळायची आहेत, आणि ती सगळी एका पावलाने चालणारी असतीलच असे नाही.

उदाहरणासाठी राजपूर ते मसूरी ही जुनी वाट घेतो, कारण आमचे दोन ट्रेक याच वाटेवर झाले. राजपूर साधारण १००० मीटर उंचीवर आहे आणि मसूरी साधारण २००० मीटरवर. मोटार रस्ता होण्याआधी मसूरीला जाणारे बहुतेक प्रवासी राजपूरपर्यंत गाडीने येत आणि तिथून पायी, घोड्यावर किंवा दांडीत बसून वर जात. दांडी म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायची खुर्ची, आपल्याकडच्या डोलीसारखी. १८२७ मध्ये मसूरीशेजारी लंढौरला आजारी ब्रिटिश सैनिकांना बरे होण्यासाठी ठेवायची छावणी सुरू झाली. १९०० मध्ये डेहराडूनला रेल्वे आली, पण शेवटचा चढ तरीही पायांनीच चढावा लागे. जुन्या हिशेबाने ही वाट सात मैलांची, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर. अर्ध्यावर झडीपानी लागते. तिथे १८८८ पासून ओक ग्रोव्ह ही रेल्वेची शाळा आहे. पुढे बार्लोगंज आणि मग मसूरी. खालच्या भागात झुडपे आणि ऊन, वरच्या भागात बांज वृक्षांची सावली. बांजाची वाळलेली पाने दिसायला सुंदर असतात आणि बुटाखाली साबणासारखी असतात.

आता वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला, तो अजून वापरतात. सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. आपल्या वाटेला तो लावून पाहू. ११ किलोमीटरचे २ तास १२ मिनिटे आणि १००० मीटर चढाचा १ तास ४० मिनिटे, एकूण ३ तास ५२ मिनिटे. अंतर नकाशावरून काढायचे असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दोरा ठेवून मोजावे. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. दोरा मात्र छोट्या वळणांवरून सरळ जातो, त्यामुळे खरी वाट नेहमी थोडी जास्तच भरते.

नेस्मिथचा आकडा धडधाकट आणि न थांबणाऱ्या माणसाचा आहे. २२ जणांचा गट म्हणजे असा माणूस गुणिले २२ नव्हे. कोणाची नाडी सुटते, कोणाला फोटो काढायचा असतो, कोणाला झाडामागे जायचे असते. क्लबचे लीडर, ज्यांना सगळेच ‘अंकल’ म्हणतात, चढाला पाच तास धरतात आणि उताराला साडेतीन. राजपूरहून साडेसातला निघालो तर साडेबाराला मसूरी, अर्धा तास जेवण, एक वाजता परत आणि साडेचारला पुन्हा राजपूर. नोव्हेंबरच्या मध्यात डेहराडूनला सूर्य सव्वापाच-वीसच्या सुमारास मावळतो. आपल्यापैकी महाराष्ट्रातून आलेल्यांना हे पहिल्या वर्षी पटत नाही, कारण त्याच दिवशी पुण्यात तो सहाच्या सुमारास मावळत असतो. त्यात ही वाट डोंगराच्या घळीतून उतरते, तिथे अंधार आणखी लवकर येतो. म्हणजे दिवसभराची सगळी शिल्लक किती, तर जेमतेम पाऊण तास. ही शिल्लक सकाळी हातात असते आणि दिवसभर ती कोणी ना कोणी थोडी थोडी खर्च करत असतो.

ती सर्वांत जास्त कशात खर्च होते, हे मला पहिल्या दोन ट्रेकमध्ये कळले नव्हते. तिसऱ्या वेळी अंकलनी ते खडूने दगडावर लिहून दाखवले. समजा, सर्वांत पुढचा माणूस चढावर ताशी ३ किलोमीटर चालतो आणि सर्वांत मागचा ताशी २ किलोमीटर. अर्ध्या तासात पुढचा दीड किलोमीटर जाऊन थांबतो. मागच्याला तेवढेच अंतर कापायला पाऊण तास लागतो. म्हणजे पुढच्याला पंधरा मिनिटे विश्रांती मिळाली. पाणी पिऊन झाले, चिक्की खाऊन झाली, अंग गार पडू लागले. तेवढ्यात मागचा धापा टाकत पोहोचतो, आणि त्याला पाहून पुढचे म्हणतात, “चला, आले सगळे!” गट निघतो. मागच्याची विश्रांती शून्य मिनिटे. पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत जास्त, आणि ज्याला गरज सर्वांत जास्त त्याला काहीच नाही. तिसऱ्या थांब्यापर्यंत तो माणूस खरोखरच चालू शकत नाही, आणि मग सगळे म्हणतात की हा कच्चा होता.

कच्चा तो थोडासाच होता, बाकीचे काम गटाने केले. आपल्या रूट मार्चमध्येही हे होते, फक्त आपण त्याला वेगळे नाव देतो. कदवार उभे राहून निघालो तरी दोन-तीन किलोमीटरनंतर पुढच्या फाइली आणि मागच्या फाइली यांच्यात रबर ताणल्यासारखे होते. मागचे कॅडेट कधी पळतात, कधी थबकतात, आणि पळून थबकणे हे सरळ चालण्यापेक्षा जास्त दमवते. स्क्वाडच्या शेपटीला राहिलेल्या कोणालाही विचारा.

क्लबचा यावरचा उपाय साधा आहे. विश्रांतीची दहा मिनिटे शेवटचा माणूस पोहोचून पिशवी खाली ठेवतो तेव्हापासून मोजायची. पुढच्यांना पंचवीस मिनिटे बसावे लागले तर लागले. दोन-तीनदा असे झाले की पुढचे आपोआप हळू चालतात, त्यांना सांगावे लागत नाही. दुसरे म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे ठेवायचे. तिथे त्याला समोर मोकळी वाट दिसत नाही, एक पाठ दिसते, आणि त्या पाठीचे पाऊल त्याच्याच पावलाला जुळवलेले असते. तिसरे म्हणजे सुरुवात चीड येईल इतकी संथ करायची. चढ चढताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. मध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. पहिला अर्धा तास आमचे कॅडेट या वेगाने अक्षरशः वैतागतात. आमच्या बॅचच्या एका क्रॉस कंट्री पळणाऱ्या मुलाने तर इतक्या हळू चालल्याने पाय दुखतात अशी तक्रार केली होती, आणि ती खोटी नव्हती.

पुढे लीडर आणि शेवटी स्वीप, अशी ही रचना असते. महाराष्ट्रातले ट्रेकर त्याला बॅकलीड म्हणतात. स्वीपच्या मागे कोणीही राहायचे नाही, हा त्या क्लबचा एकच नियम असा आहे की ज्याबाबत कोणाचे काही ऐकून घेतले जात नाही. मधल्या माणसांसाठीही एक काम आहे. वाटेला फाटा आला की प्रत्येकाने आपल्या मागचा माणूस दिसेपर्यंत तिथे थांबायचे, त्याला वाट दाखवायची आणि मगच पुढे जायचे. तो मागचा त्याच्या मागच्यासाठी थांबतो. लीडर अर्धा किलोमीटर पुढे असला तरी फाट्यावर माणूस चुकत नाही, कारण तिथे नेहमी कोणीतरी उभे असते. आपल्याकडे ‘गिनती कर’ म्हटले की आकडे धडाधड खाली येतात. इथे ते हसत-खिदळत येतात आणि निम्म्या वेळा चौदा नंबर कोण हेच ठरत नाही, पण फाटा, थांबा, नाला ओलांडणे, प्रत्येक ठिकाणी ते मोजतातच.

आता नोव्हेंबरमधल्या ट्रेकबद्दल. त्यावरून आमच्या हाऊसमध्ये आठवडाभर वाद चालला होता.

आम्ही सात कॅडेट, आपले एक सर आणि क्लबचे चौदा जण, असे २२ जण साडेसातला राजपूरहून निघालो. अंकलनी निघतानाच सांगितले होते की झडीपानीला सव्वादहापर्यंत पोहोचायचे आहे. क्लबमधल्या एका आजोबांचा गुडघा दुसऱ्या चढापासून दुखू लागला. ते बोलले नाहीत. स्वीप असलेल्या शिक्षिकाबाईंनी ते ओळखले, कारण ते वळणावर प्रत्येक वेळी तोच पाय आधी टाकत होते. गुडघ्याला पट्टी बांधली, त्यांच्या पिशवीतले सामान तिघांनी वाटून घेतले, वेग कमी केला. झडीपानीला पोहोचलो तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटे झाली होती. पन्नास मिनिटे उशीर, आणि शिल्लक होती पाऊण तास.

झडीपानीला मोटार रस्ता आहे. आजोबांना गाडीने खाली पाठवायचे ठरले. एकट्याने पाठवायचे नाही, म्हणून प्रथमोपचार येणाऱ्या स्वीपबाई त्यांच्याबरोबर गेल्या. गाडी मिळेपर्यंत साडेअकरा झाले. उरलो आम्ही वीस जण, सगळे ताजेतवाने. मसूरी वर दिसत होती. बाजारातल्या मोमोंची चर्चा सकाळपासून चालू होती. आणि अंकल म्हणाले, “इथेच जेवू आणि खाली उतरू.”

आमच्या बारावीतल्या एका कॅडेटने फार नम्रपणे पण मुद्द्याचे विचारले. हळू चालणारे आता गेले आहेत, उरलेले सगळे भराभर चालू शकतात, मग वेळ भरून का काढू नये? स्वीप हवा असेल तर आम्हा कॅडेटांपैकी दोघे मागे चालतील. अंकलनी त्याला बसवून हिशेब करायला सांगितला. साडेअकराला निघून अगदी चांगल्या वेगाने पाऊण वाजता नाही, तर पावणेदोनला मसूरी. सव्वादोनला परत. साडेतीन तास उतार. पावणेसहा, म्हणजे सूर्यास्तानंतर जवळजवळ अर्धा तास. मसूरीहून बसने उतरण्याचाही पर्याय निघाला, पण रविवारी दुपारी वीस जणांना एका बसमध्ये जागा मिळेल याची खात्री नव्हती, आणि अर्धे बसमध्ये, अर्धे वाटेवर, असा गट तुटणे हेच तर टाळायचे होते.

मग अंकलनी त्याला दुसरा प्रश्न विचारला. स्वीपने फाट्यावर कुठली वाट धरायची हे तुला माहीत आहे का? ओक ग्रोव्हनंतर किती फाटे लागतात? तो तेव्हा पहिल्यांदाच त्या वाटेवर आला होता. त्या क्षणी वीस जणांत ती वाट ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता, तो म्हणजे अंकल स्वतः. त्यांचा पाय मुरगळला असता तर? आम्ही वीस जोडी पाय मोजत होतो आणि ते वाट माहीत असलेली डोकी मोजत होते.

आम्ही पुऱ्या-भाजी तिथेच खाल्ली आणि उतरलो. दोन अठराला राजपूरला पोहोचलो, भरपूर उजेडात. शाळेत परतल्यावर वाद सुरू झाला. एका बाजूचे म्हणणे असे की ठरवलेले ठिकाण समोर दिसत असताना मागे फिरणे ही सवय फौजेत जाणाऱ्याला लागू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की तो काही हल्ला नव्हता, रविवारची सहल होती. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात. सहल होती म्हणून सोडून दिले, असे म्हटले तर अंकलच्या निर्णयातली शिस्तच दिसत नाही. त्यांनी सव्वादहाची वेळ सकाळी, सगळे ताजे असताना, ठरवली होती आणि मसूरी समोर दिसल्यावरही ती बदलली नाही. समोर शिखर किंवा बाजार दिसत असताना केलेला हिशेब नेहमी आपल्या बाजूने झुकतो. आणि जे म्हणतात की ठिकाण गाठलेच पाहिजे, त्यांनी ठिकाण कोणते ते आधी सांगावे. मराठीत आपण गड ‘सर’ करतो. उतरण्याला असा रुबाबदार शब्दच नाही. त्यामुळे अर्धे काम झाले की पूर्ण झाल्यासारखे वाटते. राजपूरला उभी असलेली आपली बस हे त्या दिवसाचे ठिकाण होते.

तरी एक गोष्ट मला खटकते, ती लिहितो. २२ जणांच्या गटात वाट माहीत असलेली माणसे दोनच होती, हे मुळात कमी होते. एक जण आजाऱ्याबरोबर गेला की दुसरा एकटा पडणार हे उघड होते. हे सरांनी अंकलना सांगितले तेव्हा त्यांनी लगेच मान्य केले आणि तिथेच त्यांना कॅडेटांचा उपयोग सुचला. डिसेंबरच्या ट्रेकला त्याच वाटेवर आमच्यापैकी दोघांना, एक मी, स्वीपबाईंबरोबर शेवटी चालायला लावले.

शेवटी चालणे सोपे वाटते, पण दुसऱ्याच्या वेगाने सहा तास चालणे हे स्वतःच्या वेगाने आठ तास चालण्यापेक्षा अवघड आहे. डिसेंबरात तर थांबून थांबून थंडी वाजते, म्हणून स्वीपच्या पिशवीत एक जास्तीचा स्वेटर असतो. त्याशिवाय प्रथमोपचाराची पेटी, टॉर्च, दोन लिटर जास्तीचे पाणी आणि शिट्टी. संकटात मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवायची, मग एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सहा वेळा. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचे. हे आम्हाला आधी माहीत होते. बाईंकडून शिकलो त्या गोष्टी वेगळ्या होत्या. हळू चालणाऱ्याच्या अगदी पाठीशी चालायचे नाही, दहा पावले अंतर ठेवायचे, नाहीतर त्याला सारखे कोणीतरी हाकलत असल्यासारखे वाटते. तो थांबला की आपणही थांबायचे, पण त्याच्याकडे पाहत नाही. झाड पाहायचे, बुटाची नाडी बांधायची. ‘थोडेच राहिले’ असे कधी म्हणायचे नाही, कारण डोंगरात ते कोणी खरे मानत नाही. ‘पुढच्या वळणानंतर वीस मिनिटे चढ आहे, मग सपाटी आहे’ असे सांगायचे, आणि ते खरे असले पाहिजे. म्हणजे स्वीपला वाट लीडरइतकीच पाठ हवी. मी त्या दिवशी झडीपानीपासून मसूरीपर्यंतचा प्रत्येक फाटा वहीत काढून आणला. वहीचे ते पान आता हाऊसच्या फलकावर लावले आहे.

पालकांसाठी थोडेसे. नवे बूट ट्रेकच्या आदल्या आठवड्यात कुरिअरने पाठवू नका. सुटीत घरी असताना महिनाभर घालायला लावा, कारण नव्या बुटाने आलेला टाचेचा फोड पूर्ण गटाला हळू करतो. संमतीपत्रात दमा, ॲलर्जी, जुने फ्रॅक्चर जे असेल ते लिहा. मुलगा नापास होईल या भीतीने लपवू नका. तिथे परीक्षा नसते, आणि स्वीपला माहीत असले तर तो वेळीच थांबवू शकतो. शेंगदाण्याचे लाडू मात्र जरूर पाठवा, आणि थोडे जास्त पाठवा. फाट्यावर थांबणाऱ्यांना काहीतरी लागतेच.

पुढचा ट्रेक फेब्रुवारीत आहे, पुन्हा राजपूर ते मसूरी, साडेसातला. नावे आपापल्या हाऊस कॅप्टनकडे द्यायची आहेत. चालणाऱ्यांच्या जागा भरत आल्या आहेत. स्वीपबरोबर शिकण्यासाठी दोन जागा ठेवल्या आहेत आणि आतापर्यंत एकच नाव आले आहे, ते त्या बारावीतल्या कॅडेटचे.